केसरीनाथ म्हात्र्याचे घोडे

काल्हेरच्या केसरीनाथ म्हात्र्याला जन्मभर एकच प्रश्न विचारता आला : "किती घोडे?" कुणी विहिरीवर पंप बसवला, किती घोडे? कुणी माग टाकले, मोटर किती घोड्यांची? मुंबईहून पाहुणा नवी मोटार घेऊन आला, तर त्याला पाणी विचारायच्या आधी घोडे विचारायचे. उत्तर मोठं आलं की केसरीनाथ मान डोलवायचा, लहान आलं की खालचा ओठ बाहेर काढायचा. त्या ओठापाशी त्याची विद्या संपत होती.

खरं तर इंजिन ह्या वस्तूबद्दल त्याला थोडंफार कळायला हरकत नव्हती. बापाची भाताची गिरण होती. गिरणीत एका सिलिंडरचं तेलाचं इंजिन, त्याला दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची लोखंडी चाकं, आणि अंगावर आठ घोड्यांचा बिल्ला. ते इतकं सावकाश चालायचं की ठोका न् ठोका वेगळा ऐकू यायचा, पण अख्ख्या गावाचं भात ते न कुरकुरता भरडायचं. तेवढ्याच घोड्यांची स्कूटर केसरीनाथ स्वतः चालवायचा. मागे बायको पुतळाबाई आणि पायाशी तांदळाची गोण असली, की ती स्कूटर कशेळीच्या पुलावर रडायला लागायची. दोन्हीकडे घोडे सारखेच, मग एक भरडतं आणि एक रडतं, हे कसं? असा प्रश्न एखाद्याला पडला असता. केसरीनाथला नाही पडला. तो गिरणीच्या दारात बसून बिल्ला पुसायचा.

मग ठाणे-भिवंडी रस्त्याला गोदामं उभी राहायला लागली. खाडीकडच्या ज्या खारट तुकड्यात बापाला भातही धड झालं नव्हतं, त्याच्यावर गोदामवाल्यांच्या उड्या पडल्या. केसरीनाथने तुकडा विकला, गिरण बंद केली, गळ्यात साखळी घातली आणि पांढरी डिझेल अँबेसेडर दारात आणली. डिझेलच का, तर पेट्रोलची गाडी बायकांची, असं त्याचं मत. ज्या गाडीला बायकांची म्हणायची नाही, त्या गाडीत पुढच्या सीटवर पुतळाबाईला बसायला बंदी होती. तिथे तो आपली टोपी ठेवायचा.

त्या वर्षी भिवंडीतल्या ब्राह्मण आळीत राहणाऱ्या सुधीर कर्णिकांनीही गाडी घेतली. कर्णिक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि वर्षाचे तांदूळ नेहमी म्हात्र्यांकडून न्यायचे. त्यांची गाडी ती नवी छोटी, आठशे सीसीची, पेट्रोलची, लाल. तांदूळ न्यायला ते तीच घेऊन काल्हेरला आले.

"ह्या डबीला किती घोडे?" केसरीनाथने विचारलं.

"चाळिसाच्या जरा आत," कर्णिक म्हणाले. "तुमच्या अँबेसेडरला आहेत जवळजवळ तेवढेच."

केसरीनाथ हसला. मग हसणं थांबवून त्याने गाडीबरोबर आलेलं पुस्तक आणलं. कर्णिकांनी बोट ठेवून दाखवलं. खरंच तेवढेच होते.

"पन माझं इंजिन दीड लिटरचं हाय! तुमचं त्याच्या अर्धं!"

कर्णिकांना शिकवायला मिळालं की त्यांचा चेहरा लग्नातल्या भटजींसारखा व्हायचा. त्यांनी तांदूळ बाजूला ठेवला आणि सुरू केलं. "केसरीनाथशेठ, इंजिनाचा आकार वेगळा आणि अश्वशक्ती वेगळी. सिलिंडर मोठा म्हणजे एका दमात हवा जास्त जाते, हवा जास्त म्हणून तेल जास्त जळतं, दट्ट्यावर धक्का मोठा बसतो. त्या धक्क्याने दांडा किती जोराने फिरतो, तो टॉर्क. आमच्या पुस्तकात परिबल. आणि असे जोराचे फेरे मिनिटाला किती झाले तेही धरलं, की होतात तुमचे घोडे. जोर गुणिले फेरे. तुमचं डिझेल इंजिन मोठे घास घेतं, पण सावकाश जेवतं. माझं चिमणीएवढे घास घेतं, पण भराभर. शेवटी दोघांचं जेवण सारखंच."

"म्हंजे माझी गाडी हळू हाय?"

"तुमची गाडी म्हैस आहे," कर्णिक म्हणाले. "चांगल्या अर्थाने."

हे सांगणाऱ्या पंडिताची कथा अशी, की बायको विद्युल्लता गाडी चालवायला बसली की हे शेजारच्या सीटवर बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचे, जिथे ब्रेकच नव्हता. त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते मात्र सगळं बरोबर होतं. केसरीनाथच्या डिझेल म्हशीच्या अंगात लाल डबीच्या दीडपटीच्या आसपास जोर आहे, आणि तोही सावकाश फिरताना मिळतो, हेही त्यांनी सांगितलं. पण केसरीनाथने म्हैस हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो कल्याण नाक्यावर इद्रीस मिस्त्रीकडे गेला. इद्रीस आझमगढचा. त्याला 'नहीं' हा शब्द येत नव्हता, आणि हेच त्याच्या धंद्याचं भांडवल होतं.

"घोडे वाढवायचे," केसरीनाथ म्हणाला.

"बढ़ जाएँगे, सेठ."

"किती?"

"जितने बोलो."

इद्रीसने तेलाच्या पंपाचा स्क्रू पिळला आणि इंजिनात जास्त डिझेल जायला लागलं. हवा तेवढीच. हवा वाढायला सिलिंडर मोठा लागतो, आणि सिलिंडर काही स्क्रूने वाढत नाही. मग जे जळलं नाही ते मागून काळं होऊन बाहेर आलं. केसरीनाथला त्या धुराचा फार अभिमान वाटला. "बघ, कसा दम टाकते," असं तो रस्त्यावरच्या लोकांना सांगायचा. पुतळाबाईने अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत टाकले होते. गाडी चालू करून केसरीनाथ पान खात उभा राहिला, आणि सगळे बोंबील काळे झाले.

"जल्ले तुमचे घोडे," पुतळाबाई म्हणाली. "चारा तुमी खावाचा नि लीद आमच्या अंगावर."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या इंजिनाने पाणी उकळायला सुरुवात केली, आणि दिवाळीला ते संपलं. दोष कुणाचा हे विचारायची काही सोय नव्हती, कारण केसरीनाथने आधीच ठरवून टाकलं होतं की इंजिन कमी घोड्यांचं होतं म्हणून मेलं.

आता त्याला आणखी घोडे पाहिजे होते. इद्रीसने मुंबईच्या भंगार बाजारातून एक जपानी इंजिन आणलं. आकाराने आधीच्यापेक्षा जरासंच मोठं, पण त्याला टर्बो होता आणि घोडे म्हणे ऐंशी. टर्बो म्हणजे काय हे इद्रीसने फार सोप्या शब्दांत सांगितलं : "भाता है, सेठ. लोहार का भाता." तेही चूक नव्हतं. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरतं आणि ते चक्र सिलिंडरात हवा कोंबतं. लहान सिलिंडर मोठ्यासारखा जेवायला लागतो. फक्त एक गोष्ट इद्रीसने सांगितली नाही, कारण केसरीनाथने विचारली नाही. झोत जोरात यायला इंजिन आधी जोरात फिरावं लागतं. तोपर्यंत भाता झोपलेला, आणि इंजिन आपल्या मूळच्या जिवावर. त्यातून भंगारातला तो भाता बराच घासलेला होता, त्यामुळे उशिराच जागा व्हायचा.

रिकाम्या गाडीत एकटा केसरीनाथ, समोर सपाट रस्ता. गाडी उडायला लागली. भिवंडी बायपासला त्याने एका कंत्राटदाराच्या नव्या गाडीला मागे टाकलं आणि पुढे जाऊन थांबला, उतरला, आणि त्या अनोळखी माणसाला हात करून ऐंशी असं ओरडून सांगितलं. त्या महिन्यात तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त असायचा. पुढच्या सीटवर टोपी होतीच.

त्याच हिवाळ्यात त्याची मुलगी तुळजा हिचं लग्न ठरलं. मुलगा कोन गावचा, पंढरी भोईराचा. पंढरीचा धंदा गवताच्या गाठी आणि रेतीचा, आणि त्याच्याकडे जुनी डिझेल जीप होती, जिचा रंग कोणता हे त्यालाही सांगता आलं नसतं. साखरपुडा मुलाच्या घरी, कोनला. केसरीनाथने जाहीर केलं की मुलीकडचे लोक टेम्पोने येतील, पण मुलगी, आई आणि मावश्या ऐंशी घोड्यांतून जातील. मावश्या अंगापिंडाने चांगल्या भरलेल्या होत्या. मागे पाच जणी, पुढे टोपी काढून पुतळाबाई आणि तिच्या मांडीवर एक भाची, डिकीत नारळ, साड्या आणि लाडवांचे डबे.

कोनला भोईरांचं घर भरावावर होतं. घरापर्यंत मातीचा आखूड चढ. वर मांडव, मांडवात सगळं कोन गाव उभं. चढाच्या मध्यावर एक म्हातारी आडवी आली आणि केसरीनाथला गाडी थांबवावी लागली. म्हातारी गेली. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी हिसका देऊन बंद पडली. परत चालू केली. परत बंद. तिसऱ्यांदा त्याने इंजिन वाढवलं, क्लच अर्धा धरला, गाडी थरथरली, वीतभर सरकली, आणि क्लचचा जळका वास मांडवापर्यंत गेला. ऐंशी घोडे होते. ते सगळे वरच्या मजल्यावर राहत होते, आणि ही गाडी तळमजल्यावर अडकली होती. तिथे लागत होता जोर, आणि तोसुद्धा इंजिन सावकाश फिरत असताना. तो त्या इंजिनात जुन्या म्हशीएवढाही नव्हता.

गाडी मागे घरंगळायला लागली. पुतळाबाईने भाचीला खाली उतरवलं, दार उघडलं, साखरपुड्याची साडी खोचली आणि मागच्या चाकाला दगड लावला. मग मावश्या उतरल्या. सोन्याने मढलेल्या, केसांत गजरे, आणि गाडी ढकलायला मागे लावलेल्या. तुळजा एकटी आत बसून राहिली, कारण नवरी मुलीने गाडी ढकलायची की नाही ह्याचा नियम कुणाला माहीत नव्हता. थोड्या वेळाने तीही उतरली आणि मान खाली घालून चढ चढून गेली. मांडवात हशा पिकला. तो हशा भावी सासूबाई जानकीबाई हिने सुरू केला होता, हे तुळजाने बघितलं.

पंढरी भोईर जीप घेऊन आला, दोर बांधला, आणि रिकामी अँबेसेडर वर ओढली.

"किती घोडे तुमच्या जीपला?" केसरीनाथने घाम पुसत विचारलं.

"असतील साठ. मी कदी मोजले न्हाय," पंढरी म्हणाला.

साठाने ऐंशीला ओढलं! केसरीनाथ साखरपुड्याचं जेवण जेवला नाही. तुळजासाठी नव्हे, आकड्यासाठी.

लग्न झालं. तुळजा कोनला नांदायला गेली. केसरीनाथ ब्राह्मण आळीत कर्णिकांच्या घरी जाऊन बसला आणि म्हणाला, "सर, तो टारक पुन्ना सांगा." कर्णिकांनी सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी फळ्यावर. तीन तास. आणि माणूस बदलला. म्हणजे शहाणा झाला असं नाही; देव बदलला. आता तो घोड्यांना शिव्या द्यायचा. "घोडे म्हंजे बाजार, टारक म्हंजे जोर," असं गोदामांच्या चहाच्या टपरीवर ट्रक ड्रायव्हरांना ऐकवायचा. ते ड्रायव्हर रोज ट्रक घेऊन कसारा घाट चढणारे. ते चहा पीत ऐकून घ्यायचे, कारण चहा त्याचा असायचा.

इद्रीसने आता भंगारातल्या एका ट्रकचं इंजिन आणलं. आकार आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट. घोडे त्या जपान्यापेक्षा कमी, पण जोर किती तरी जास्त, आणि तोही अगदी खालच्या फेऱ्यांवर. जोर गुणिले फेरे : हे गबाळं सावकाश फिरत होतं म्हणून आकडा लहान. इतपत केसरीनाथला आता कळत होतं, आणि तो ते सगळ्यांना समजावून सांगत होता. त्याला जे कळत नव्हतं ते साधं होतं. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो तो मधल्या दांड्यांतून, आणि ते दांडे ज्याने केले त्याने दीड लिटरचा हिशोब धरला होता.

"ॲक्सल चलेगा?" असं इद्रीसला त्याने विचारलं होतं, हे खरं.

"दौड़ेगा, सेठ."

इंजिन एवढं उंच की बॉनेट बसेना; ते दोराने बांधलं. गाडीचं नाक जमिनीला लागलं आणि शेपूट वर झालं. पुतळाबाई म्हणाली, गाडी नमस्कार करते हाय, कुनाला त्ये तरी इचारा.

होळीच्या दुसऱ्या दिवशी केसरीनाथने व्याह्याला काल्हेरला बोलावलं आणि भर पंगतीत सांगितलं, "व्याही, येक डाव होऊ द्या. गाडीला गाडी बांधू. बघू कोन कुनाला ओढतं."

"कशाला?" पंढरी म्हणाला. "गाडी ती गाडी. तिच्याशी कुस्ती खेलाची व्हय?"

पण त्याने नाही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी तो जीप घेऊन आला. भात कापलेलं शेत, कडेने काल्हेर, कशेळी आणि कोनची माणसं, मध्ये दोन गाड्या पाठीला पाठ लावून, मध्ये खाडीतल्या होडीचा जाड दोर. कर्णिकही विद्युल्लतावहिनींना घेऊन लाल गाडीतून आले होते; शास्त्राचा प्रयोग म्हणून. तुळजा सासूबरोबर कडेला उभी होती.

शिट्टी वाजली. अँबेसेडरने काळा धूर सोडला आणि तिची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. माती, धसकटं, ढेकळं लोकांच्या अंगावर. सगळं वजन नाकावर, शेपूट हवेत. चाकांना जमीन धरता येईना. जीप सावकाश पुढे निघाली.

"थांबा!" केसरीनाथ ओरडला. "डिकीत बसा! माणसं बसा!" त्याचे चुलतभाऊ धावले आणि डिकीत, मडगार्डवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. चाकांनी जमीन धरली. जीप थांबली. दोर तारेसारखा ताणला. क्षणभर दोन्ही गाड्या जागच्या हलेनात, आणि केसरीनाथच्या तोंडावर असा आनंद आला की तसा त्याच्या लग्नातही कुणी पाहिला नव्हता. त्याने पाय आणखी दाबला.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मागचा ॲक्सल मोडला. एक चाक कलंडलं, डिकीतले चुलतभाऊ शेतात सांडले, आणि जीप ती गाडी, तो दोर, तो धूर आणि स्टिअरिंगला लटकलेला केसरीनाथ असं सगळं ओढत बांधापर्यंत घेऊन गेली.

कोनवाल्यांनी पंढरीला खांद्यावर घेतलं. लोक घरी जाताना म्हणत होते, जीपचा टारक जास्त. साफ खोटं. जोर अँबेसेडरमध्येच जास्त होता. म्हणून तर ती मोडली. कर्णिक म्हणाले, "घर्षणाचा विचार व्हायला हवा होता." हा विचार त्यांना ॲक्सल मोडल्यावर झाला. तीन तास फळ्यावर लिहिताना घर्षण घरी नव्हतं बहुतेक.

त्यानंतर केसरीनाथ काल्हेरमध्ये थोडे दिवस तोंड लपवून होता. पण त्याचं काय, तो गावातला पुरुष. लोक हसले आणि विसरले. कोनला विसरले नाहीत. तुळजाला उठता बसता ऐकावं लागायचं. भाकरी फुगली नाही, तर जानकीबाई म्हणायची, "टारक कमी पडला वाटतं." पाण्याचा हंडा उचलायला वेळ लागला, की "हिला मागशी ढकला गं कुनी." नणंदा हसायच्या. नवरा गवताच्या गाठींचा हिशोब करत बसायचा. त्याला ऐकू येत नव्हतं.

सहा महिन्यांनी गणपतीला तुळजा माहेरी आली ती गप्प गप्प. मोडकी अँबेसेडर अजून मागच्या अंगणात होती आणि केसरीनाथ इद्रीसला सांगत होता की ट्रकचाच ॲक्सल लावू, म्हणजे येत्या होळीला पंढरीला दाखवतो. तुळजा ते ऐकत उंबऱ्यात उभी होती. इद्रीस गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, जीपमध्ये रेतीच्या गोणी होत्या."

"कनच्या जीपमध्ये?"

"मामंजींच्या. त्या रविवारी. सकाळी भरल्या, वर ताडपत्री टाकली. गाडी जड व्हावी म्हनून. मी बघल्या."

केसरीनाथ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला. हरलो नव्हतो, फसवला गेलो, ह्यापेक्षा गोड बातमी त्याच्यासारख्याला नसते. "मंग तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तुमी जिंकला असता तर मना त्या घरात उभं ऱ्हावाला जागा न्हवती," तुळजा म्हणाली. "आनि हरलात, तरी न्हाय. तुमच्या घोड्यांनी लाथा मना मारल्या, बाबा. रोज मारतात."

मग तिने कोनच्या घरातलं सगळं सांगितलं. पुतळाबाई चुलीपुढून उठून आली आणि लेकीजवळ बसली. तिला ह्यातलं अर्धं आधीच माहीत होतं. नवऱ्याला सांगून उपयोग काय, म्हणून ती बोलली नव्हती. केसरीनाथ ऐकत उभा राहिला. आयुष्यात प्रथमच त्याच्यापाशी विचारायला प्रश्न नव्हता.

तुळजाला पोचवायला तो स्वतः गेला. दारात गाडी नव्हती, म्हणून भिवंडीहून कोनला जाणाऱ्या काळ्या सहा आसनी डिझेल रिक्षात दोघं बसली. सहा आसनी म्हणजे आत दहा माणसं. इंजिन एका सिलिंडरचं, घोडे सांगायला लाज वाटावी इतके, पण गिअर असा खोल लावलेला की ती भोईरांच्या भरावाचा चढ दहा माणसांसकट टुकटुकत चढून गेली. केसरीनाथने त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या मांडीवर लेकीचं गाठोडं होतं.

कोनच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गोणींचं कळलंय, आता भांडण. पंढरीलाही वाटलं. तो ओटीवरून उठला आणि उगीचच "या, व्याही, या" करत राहिला. रेतीच्या गोणी गोठ्याच्या कोपऱ्यात होत्या, त्याच ताडपत्रीखाली. केसरीनाथने त्या पाहिल्या. पंढरीने त्याला पाहताना पाहिलं. दोघांपैकी कुणीच त्यांचं नाव काढलं नाही.

चहा आला. केसरीनाथने कप खाली ठेवला आणि जानकीबाईला म्हणाला, "विहीणबाय, येडा मी हाय. माझी पोर न्हाय. हसाचं त मना हसा. मी हितं बसलोय, आता हसा, पाहिजे तेवडं. मंग तिला न्हाय हसाचं."

जानकीबाई खरंच हसली. तोंडावर हसली, पदर लावून. नणंदाही हसल्या. केसरीनाथ खाली मान घालून बसून राहिला आणि हसणं संपेपर्यंत उठला नाही. इतकी वर्षं गाव ह्या माणसाला हसत आलं होतं. ह्या एका वेळी हसणारेच लहान दिसत होते. शेवटी पंढरीच ओरडला, "पुरं करा! भाकऱ्या टाका, व्याही जेवून जातील." त्या दिवसानंतर त्याने बायकोला तुळजासमोर गाडीचं नाव काढू दिलं नाही. सद्गुणाने म्हणा किंवा गोणींच्या भीतीने म्हणा. जानकीबाईने टोमण्यांना दुसरे विषय शोधले, पण ते सगळ्या सासवांचे असतात तसे. त्यांच्याशी तुळजा भांडू शकत होती, आणि भांडली.

ह्यामुळे केसरीनाथ बदलला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने काल्हेर पाहिलेलं नाही. ट्रकचं इंजिन त्याने रेती काढणाऱ्या बोटवाल्याला विकलं. बोटीवर त्याला ओझं ओढायचं होतं, घाई नव्हती. ते तिथे वर्षानुवर्षं चाललं आणि केसरीनाथ बंदरावर उभा राहून त्याचं श्रेय घेत राहिला. अँबेसेडरच्या सांगाड्यात कोंबड्या राहायला गेल्या. पुढे नव्या नव्या डिझेल गाड्या निघाल्या, आणि गोदामवाले, जमीनवाले, त्यांची पोरं गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला केसरीनाथकडे यायला लागली. भिवंडीचा न्याय असा आहे. ज्याने एक इंजिन जाळलं तो मूर्ख, ज्याने तीन वाया घालवली तो जाणकार.

शेवटी कर्णिकही आले. लाल गाडी विकून डिझेल घ्यायची होती. त्यांनी तीन गाड्यांची माहितीपत्रकं आणली होती आणि प्रत्येकीच्या टॉर्कची वक्ररेषा पेन्सिलीने काढली होती. केसरीनाथने ती वक्ररेषा उलटी धरून पाहिली आणि परत दिली.

"सर, सगळं घर गाडीत बसवा. वहिनी, पोरं, सासूबाई, सामान. चढावर निम्म्यात थांबवा. तिथनं गप उठली त घ्या. न्हाय उठली त उतरा नि रिक्षानं घरी जा."

आयुष्यभरात त्याच्या तोंडून निघालेला हा एकमेव धड सल्ला. कर्णिकांनी मान डोलवली, तांदळाची गोण डिकीत ठेवली आणि गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी गाडी घेतली. चढावर नेली नाही, वक्ररेषाही पाहिली नाही. विद्युल्लतावहिनींना तिचा मोरपंखी रंग आवडला होता.